मुलानं स्वतः घडवलेली सुरी भेट दिली. वापरू की जपून ठेवू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचत असते, पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि दोनतीन शंकाही आहेत म्हणून धागा काढतेय. माझ्या मुलानं मला सुरी भेट दिलीये. विकतची नाही, स्वतः भट्टीत लोखंड तापवून, ठोकून, घासून केलेली. मुलगा तिशी ओलांडलेला, चाकणला कंपनीत इंजिनियर, लग्न झालेलं, आणि रविवारी फोन केला की सूनबाई म्हणायची बाहेर गेलेत, कुठे ते सांगायची नाही. दोघांनी मिळून अजिबात पत्ता लागू दिला नाही.

सुरीचं सांगते. पातं साडेसहा इंचांच्या आसपास, ट्रकच्या कमानीचा जो पाटा असतो ना त्यातून काढलेलं. पाठीकडचा भाग काळाच ठेवलाय, त्यावर हातोड्याचे ठोके बोटाला लागतात, आणि खाली धारेकडे घासून लख्ख केलंय. पाठ मुठीजवळ जाड आणि टोकाकडे हळूहळू पातळ होत जाते. मूठ बाभळीची, दोन पितळी पिना घातलेल्या. आणि मी डावखुरी आहे, तर मुठीचा फुगवटा त्यानं डाव्या हातात बसेल असा ठेवलाय आणि धारसुद्धा डाव्या अंगाला जास्त घासलीये.

गुडघ्यांमुळे विळीवर बसणं बंद झालं तेव्हापासून मी ओट्यावर सुरीनंच चिरते. बाजारातल्या दातेरी सुऱ्यांचे दाते एकाच बाजूनं पाडलेले असतात, ते उजव्या हाताच्या हिशेबानं, डाव्या हातात घेतलं की काप तिरका जातो, पाव असो नाहीतर दुधी. इतकी वर्षं मी मनगट वाकडं करून चिरत आले आणि तो कधीतरी लहानपणी ओट्यापाशी उभा राहून ते बघत असणार, मला तर आठवतही नाही कधी बोलले असेन त्याच्याजवळ. ह्या सुरीनं पहिल्यांदा टोमॅटो चिरला, दाब द्यावाच लागला नाही, सरळ खाली गेली.

आता शंका. एक म्हणजे आमचे हे म्हणतात ही शोकेसमध्ये ठेव, रोज वापरून खराब करू नकोस, पोराची आठवण आहे. मुलगा म्हणतो वापर. दुसरं, परवा कैरी चिरली तर पात्यावर काळेनिळे डाग आले, घासले तरी जाईनात. गंज आहे का तो? आणि तिसरं, जाऊबाई म्हणाल्या धारेची वस्तू भेट घेऊ नये, आईलेकांत वितुष्ट येतं, परत दे नाहीतर त्याला पैसे तरी दे. मनाला लागलं थोडं. तुमच्याकडे काय मानतात?

रानवारा

ताई, आधी मुलाचं आणि सूनबाईंचं मनापासून अभिनंदन!

जाऊबाईंचं म्हणाल तर आमच्याकडे (विदर्भ) सुरी, कात्री हातातून हातात देत नाहीत, खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची, नाहीतर भांडण होतं म्हणतात. माझी आजी फार काटेकोरपणे पाळायची. मला तर त्यात सोयच दिसते, धारेची वस्तू हातातून हातात देताना कुणाचं तरी बोट कापणारच. पण भेटच घ्यायची नाही असं काही ऐकलेलं नाही. उलट आपल्याकडे खंडेनवमीला घरातली विळी, सुरी, अडकित्ता सगळं धुऊन पुसून हळदकुंकू लावून पुजतात. ज्याची पूजा करायची ते घरात येणं अशुभ कसं असेल?

शिकागोकर

पैसे देण्याची पद्धत इकडेही आहे, युरोपातून आलेली. सुरी भेट दिली की घेणारा एक नाणं परत देतो, म्हणजे ती विकत घेतली असं झालं आणि नातं तुटत नाही. काही लोक तर भेट देतानाच पात्याला एक सेंट चिकटवून देतात, घेणाऱ्यानं तोच काढून परत करायचा. त्यामुळे जाऊबाईंनी सांगितलेलं अगदीच वेगळं नाही, नाणं देऊन टाका, मनात किंतु राहणार नाही.

माझ्या मुलीनंही मला सुरी करून दिलीये, ती कॉलेजनंतर एका लोहारकामाच्या वर्गाला जात होती. ताई तुम्ही लिहिलंत ते वाचून उठून ड्रॉवर उघडून बघून आलो. इकडे अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी म्हणून संस्था आहे, १९७६ साली सुरू झालेली, त्यांची परीक्षा ऐकून मी थक्क झालो होतो. उमेदवारानं स्वतः केलेल्या सुरीनं लोंबकळणारा एक इंच जाडीचा दोर एका वारात तोडायचा, मग लाकडी फळी दोनदा तोडायची, त्यानंतर त्याच धारेनं हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं शिकंजात धरून ९० अंशांपर्यंत वाकवायचं, तुटता कामा नये. म्हणजे धारेला कडक आणि पाठीला चिवट, दोन्ही एकाच पट्टीत. मुलगी म्हणते परीक्षा देणार आहे कधीतरी. देईल ती.

ऐरण

आयुष्यभर हीट ट्रीटमेंटच्या (पोलाद तापवून-गार करून हवं तसं कडक किंवा चिवट करायच्या) खात्यात काढलंय, आता निवृत्त आहे, त्यामुळे डागांबद्दल सांगायचा मला अधिकार आहे असं समजून लिहितो.

ताई, तो गंज नाही. स्टेनलेसमध्ये क्रोमियम किमान साडेदहा टक्के असतं, त्यामुळे त्यावर डाग पडत नाहीत. कमानीच्या स्टीलमध्ये ते एखादा टक्का किंवा त्याहूनही कमी. त्यात कार्बन साधारण अर्धा ते ०.६५ टक्के असतो आणि म्हणूनच त्याला पाणी देता येतं, म्हणजे लाल तापवून एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवून कडक करता येतं. कैरी, लिंबू, कांदा, टोमॅटो यांच्या आंबटपणानं पात्यावर काळानिळा थर बसतो. बसू द्या. तो थर एकसारखा झाला की खालचं लोखंड उलट सांभाळलं जातं. चरचरीत घासून काढू नका. तांबडा-नारिंगी डाग दिसला तर मात्र तो गंज, तो लगेच थोडं तेल आणि राख किंवा बारीक स्क्रबर घेऊन काढायचा. नियम एकच, चिरून झालं की लगेच धुवायची आणि लगेच कोरडी पुसायची. सिंकमध्ये भांड्यांखाली ठेवायची नाही, डिशवॉशर तर नाहीच. आठवडाभर वापरणार नसाल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा.

मला एक विचारायचंय, मुलानं पाटा जुना घेतला की नवा? आणि पाणी कसं दिलं, नंतर परत तापवलं का? कमानीचा पाटा कंपनीतून येतो तेव्हा तो लवचीक राहावा म्हणून जास्त तापमानाला टेम्पर केलेला (पाणी दिल्यावर परत तापवून ठिसूळपणा कमी केलेला) असतो, त्याची कडकपणाची मोजणी रॉकवेल मापावर पंचेचाळिसाच्या आसपास. सुरीला ५७-५८ पाहिजे. नुसता पाटा कापून घासून धार लावली तर ती दोन दिवसांत बोथट होते. आणि गाडीखाली वापरलेल्या पाट्याला डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे असू शकतात, ते पाणी देताना उघडतात.

कृष्णाकाठ

ऐरण काका, मुलाला फोन करून विचारलं, तो फार खूश झाला की कुणीतरी हे विचारलं. पाटा वापरलेला नाही, कमानी दुरुस्त करणाऱ्याकडे नव्या पाट्याचा कापून उरलेला तुकडा होता तो. पातं लाल झालं की लोहचुंबक लावून बघायचे, चुंबक धरेनासं झालं की त्याच्यावर अजून थोडं तापवून मग कोमट तेलात बुडवायचे. तो म्हणाला नुसतं बुडवून काढलेल्या त्या अवस्थेत पातं हातातून फरशीवर पडलं असतं तर तुटलं असतं, म्हणून घरी नेताना चादरीत गुंडाळून नेलं. आणि मग सूनबाईच्या केकच्या ओव्हनमध्ये २०० वर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. बाहेर काढलं तेव्हा घासलेल्या जागी गव्हाळ पिवळा रंग आला होता. सूनबाईला तेव्हाच सगळं कळलं, तिच्या ओव्हनमध्ये लोखंड म्हटल्यावर.

आणि पितळी सळीवर धार दाबून बघितली म्हणाला, ते काय असतं ते मला कळलं नाही.

ऐरण

शाब्बास. लोखंडाचा चुंबकाला धरायचा गुण साधारण ७७० अंशांना जातो, त्याच्या वर थोडं न्यायचं, अगदी बरोबर केलंय त्यानं. तेल कोमट घ्यायचं कारण गार तेल घट्ट असतं, पात्याभोवतीची उष्णता ते सावकाश ओढतं.

पितळी सळीचं असं, धार सळीवर तिरकी टेकवून हळूच दाबत पुढे न्यायची. धारेची कड किंचित वाकते ते डोळ्यांना दिसतं. दाब काढल्यावर परत सरळ झाली तर पाणी बरोबर बसलं. वाकलेलीच राहिली तर मऊ, टवका उडाला तर फार कडक. लॅबशिवाय ह्याहून चांगली परीक्षा नाही. तुमची सुरी त्यातून गेलीये म्हणजे ती वस्तू पक्की आहे, निर्धास्तपणे वापरा.

नर्मदा७१

कुणाला वाईट वाटू नये, पण मनातलं लिहिते. मुलानं केलं त्याचं कौतुक आहेच. पण रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेली घिसाडी माणसं पिढ्यानपिढ्या हेच करतात, कोयते, खुरपी, विळे, सुऱ्या, सगळं कमानीच्या पाट्यातूनच. त्यांच्याशी आपण दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. त्यांच्या मुलानं आईला सुरी करून दिली तर कुणी धागा काढणार नाही. इंजिनियरनं रविवारी केली की ती कला होते. हे मला खटकतं आणि ते इथे कुणीतरी बोलायला हवं.

कृष्णाकाठ

नर्मदाताई, वाईट नाही वाटलं, तुम्ही बोललात ते खरंच आहे. पण माझा मुलगा कुठे शिकला ते मी वर लिहिलं नव्हतं, ते लिहायला पाहिजे होतं असं आता वाटतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

तो शिकला तो एका घिसाडी कुटुंबाकडेच. चाकणहून तळेगावच्या बाजूला रस्त्याच्या कडेला त्यांचं बिऱ्हाड असतं. उस्ताद आणि त्यांच्या बायको, त्यांना तो मामी म्हणतो. कंपनीत जाता येता बघायचा, एक दिवस गाडी थांबवून विचारलं शिकवाल का, तर पहिले काही रविवार त्यांनी त्याला हातोड्याला हात लावू दिला नाही. भाता चालव म्हणाले. तेव्हा तो विस्तवाचा रंग बघायला शिकला. मामी घण मारतात आणि उस्ताद सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोडीनं दाखवतात कुठे मारायचं, ती हातोडी जिथे टेकते तिथे पुढचा घण पडतो, एक शब्द बोलावा लागत नाही. मुलगा सांगतो की मामींचा घण कधी इंचभर इकडेतिकडे होत नाही आणि त्याच्या हातून पाच मिनिटांत दम लागून वेडावाकडा पडायला लागायचा. व्यायामशाळेत जाणारा माझा मुलगा!

शिकण्याचे पैसे उस्ताद घेत नव्हते, तर हा त्यांच्यासाठी कोळसा आणि पाटे आणून द्यायचा, आणि त्यांच्या धाकट्या मुलीच्या शाळेच्या दाखल्याचं काम अडलं होतं त्यात कागदपत्रांसाठी चकरा मारल्या. सतत फिरतं बिऱ्हाड, त्यामुळे जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, सगळ्यालाच अडचण. भटक्या जमातींच्या यादीत घिसाडी आहेत, पण यादीत असणं वेगळं आणि हातात कागद असणं वेगळं. उस्तादांच्या मोठ्या मुलाला हे काम करायचं नाही, तो गॅरेजमध्ये लागलाय, त्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पावसाळ्याआधीचे दोन महिने औतांची कामं असतात, बाकी वर्ष कसंतरी, कारण कारखान्याचं खुरपं स्वस्त मिळतं.

तेव्हा ही सुरी माझ्या मुलानं केली हे खरं, पण हात त्या दोघांचा आहे. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ एक छोटी खूण ठोकलीये, ती उस्तादांची खूण आहे, त्यांनी स्वतः ठोकून दिली. ज्या कामाला पाणी नीट बसलं त्यालाच ते ती खूण देतात असं मुलगा म्हणाला.

नर्मदा७१

हे वाचून फार बरं वाटलं. खुणेचं वाचून जास्तच. हे तुम्ही मूळ लेखातही जोडा अशी विनंती.

ओसाका_डायरी

मी ओसाकात राहते, इथून दक्षिणेला साकाई शहर आहे, तिथल्या सुऱ्या जगप्रसिद्ध. तिकडे कामाची वाटणी असते, घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि प्रत्येकजण आयुष्यभर तेवढंच करतो. घडवणाऱ्याच्या घरी पातं अर्धवट काळं दिसतं, धारवाल्याकडे गेलं की त्याचं रूप पालटतं. एका माणसानं सगळं करणं म्हणजे तीन धंदे शिकणं.

डावखुऱ्यांचं मात्र इथेही तेच दुखणं. मासे कापायच्या जपानी सुऱ्यांना धार एकाच अंगाला असते, दुसरं अंग सपाट. डाव्या हाताची सुरी वेगळी सांगून करून घ्यावी लागते आणि ती महाग पडते. मुठीचा फुगवटाही उजव्या बाजूला असतो. माझा नवरा डावखुरा आहे, त्याला दुकानात हे ऐकून घ्यावं लागतं. ताई, मुलानं मूठ आणि धार दोन्ही उलटी केली म्हणजे त्यानं नीट अभ्यास केलाय. पण मुठीचं माप कसं घेतलं त्यानं, तुम्हाला न सांगता?

कृष्णाकाठ

तेच तर. दिवाळीला आला होता, मी पोळ्यांची कणीक मळत होते, तर म्हणाला आई एक गोळा हातात धर, सुरी धरतेस तसा, घट्ट. मला वाटलं काहीतरी व्हिडिओ-बिडिओ करायचा असेल त्याला. धरला. तो गोळा त्यानं अलगद घेतला, ताटलीत ठेवून फ्रीजमध्ये टाकला, आणि सकाळी बघते तर गोळा नाही, बोटांच्या ठशांसकट पुण्याला गेला. त्यावरून त्यानं आधी थर्माकोलची मूठ केली, मग लाकडाची. माझी तर्जनी पात्याच्या पाठीवर टेकवायची सवय आहे, तिथे त्यानं पाठीची कड घासून गोल केलीये, बोटाला रुतत नाही. अंगठ्याच्या खाली थोडा खळगा आहे. उजव्या हाताच्या माणसानं घेतली तर तो खळगा चुकीच्या जागी येतो, आमच्या ह्यांना ती सुरी धरताच येत नाही नीट.

माझ्या माहेरी शेतात डावा विळा लोहाराकडून मुद्दाम करून घ्यावा लागायचा आणि एकट्या पोरीसाठी कोण करतंय, मी उजवाच वापरायचे, कापणीला सगळ्यात मागे राहायचे. आळशी म्हणायचे सगळे. ही सुरी हातात घेतली तेव्हा मला ते सगळं आठवलं. काही न बोलता मुलानं मला इतकं बघितलं होतं.

मिसळप्रेमी

वाचून डोळे भरले खरंच. लय भारी पोरगं आहे तुमचं.

थोडं अवांतर, ऐरण काका, ऑनलाइन त्या लाटांच्या नक्षीच्या दमास्कस सुऱ्या मिळतात त्या चांगल्या असतात का? बहिणीला द्यायचा विचार होता. आणि अशी सुरी घरात ठेवायला लायसन वगैरे लागतं का?

ऐरण

लाटांच्या नक्षीत दोन प्रकार. आज मिळतात त्या दोन वेगळी स्टीलं एकावर एक रचून, तापवून ठोकून एकजीव करून, दुमडून पुन्हा ठोकलेल्या. मग फेरिक क्लोराइड नावाच्या रसायनात बुडवलं की एक स्टील काळं पडतं, एक उजळ राहतं, नक्षी दिसते. जुन्या दमास्कसच्या तलवारींचं पोलाद वेगळं. ते दक्षिण भारतात मुशीत वितळवून करायचे, तेलंगणातलं निजामाबादजवळचं कोनासमुद्रम हे त्यातलं नावाजलेलं गाव. आपला हा पोलादाचा गोळा व्यापाऱ्यांच्या हातून पश्चिम आशियात जायचा आणि नाव तिकडच्या शहराचं झालं. त्या पोलादातली नक्षी आतूनच येते, कार्बाइडच्या (लोखंड आणि कार्बनच्या संयुगाच्या) कणांच्या ओळींमुळे, दुमडून नाही.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्यांचं कोणतं स्टील, कसं पाणी दिलंय ते कळायला मार्ग नाही, काहींवर नक्षी नुसती वरून छापलेली असते. बहिणीला साधी, एका स्टीलची, माहितीच्या माणसानं केलेली सुरी द्या.

लायसनचं, शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या वापराची हत्यारं त्यातून वगळलीत. साडेसहा इंचांची स्वयंपाकाची सुरी घरात ठेवायला कसलीच अडचण नाही. प्रवासात मात्र विमानात केबिन बॅगेत चालणार नाही, नीट गुंडाळून चेक-इन करायची.

भाता

मी स्वतः हे काम करतो, नाशिकला, म्हणून "वापरू की ठेवू" ह्याचं उत्तर करणाऱ्याच्या बाजूनं देतो.

ताई, वापरा. रोज वापरा. मी माझ्या वडलांना सुरी दिली होती, आणि घरी गेलो की पाणी प्यायच्या आधी माझी नजर ओट्याकडे जाते. पातं काळवंडलेलं दिसलं, मूठ हाताच्या घामानं गडद झालेली दिसली की मला कळतं वस्तू जमली. धार कुठे झिजलीये त्यावरून वडील कसे चिरतात ते कळतं, ते टोकाचा भाग जास्त वापरतात, तर पुढच्या सुरीला मी पोट (धारेचा गोलवा) कमी ठेवलं. शोकेसमधली सुरी मला काही सांगत नाही. तुमचा मुलगा पुढच्या वेळी आला की बघा, तो पहिल्यांदा अंगठा धारेवर आडवा फिरवून बघेल.

काही गोष्टी सांभाळा. चिरायला लाकडी पाट किंवा प्लॅस्टिकचा बोर्ड, स्टीलच्या ताटात किंवा थेट ग्रॅनाइटवर नको, धार लगेच मोडते. नारळ फोडायला, हाड तोडायला, डबा उघडायला अजिबात नाही. सायकलवर धार लावणारे येतात त्यांच्याकडे देऊ नका, त्यांचा हात वाईट असतो असं नाही, पण कोरड्या चाकावर पातळ धार चटकन तापते, कड निळी पडली की तिथलं पाणी उतरलं समजा. कडप्प्याच्या काठावर घासायची सवय असेल तर तीही ह्या सुरीपुरती सोडा. धार लावायचा १००० नंबरचा ओला दगड घ्या, पाण्यात भिजवून, पातं दगडाला अगदी कमी तिरकं, १५ अंशांच्या आसपास. तुमची धार डाव्या अंगाला जास्त आहे तर डाव्या अंगाला जास्त आणि उजव्या अंगाला थोडे हात मारा, दोन्हीकडे सारखे मारलेत तर मुलानं केलेला हिशेब हळूहळू पुसला जाईल. मुठीला वर्षातून एकदोनदा कच्चं जवसाचं तेल, ते लाकडात मुरून सुकतं. शेंगदाण्याचं नको, चिकट राहतं.

आणि मुलाला एक निरोप, ग्राइंडरवर काम करताना चांगला रेस्पिरेटर घाल म्हणावं, रुमाल नाही. स्टीलची आणि बाभळीची धूळ छातीत जाते, आत्ता काही वाटत नाही.

कृष्णाकाठ

भाता दादा, तुमचा प्रतिसाद आमच्या ह्यांना वाचून दाखवला. ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी बाजारातून येताना शिवणीच्या लाकडाचा पाट घेऊन आले. शोकेसचा विषय संपला. मास्कचा निरोप सूनबाईला दिलाय, ती बघून घेईल.

जाऊबाईंचंही मिटलं. मुलाला अकरा रुपये आणि नारळ दिला, पण तोडगा म्हणून नाही, त्याच्या हातची पहिली पुरी घडण म्हणून. त्यातला नारळ तो उस्तादांकडे घेऊन गेला. येत्या खंडेनवमीला त्या दोघांना मुलीसकट जेवायला बोलवायचं ठरलंय, बिऱ्हाड तोवर कुठे असेल त्यावर आहे सगळं.

रानवारा

जाऊबाईंनाही बोलवा त्या दिवशी, आणि त्याच सुरीनं चिरलेली भाजी वाढा.

डावरी_चिमणी

मी पण डावखुरी, ४० वर्षांची, आज पहिल्यांदा कळलं की माझा पाव तिरका का कापला जातो! कृष्णाकाठ ताई, तुमचा मुलगा दुसऱ्यांना करून देतो का? पैसे अर्थातच देईन.

कृष्णाकाठ

तो विकत नाही, नोकरीतून वेळही नाही आणि उस्तादांच्या पोटावर पाय द्यायचा नाही म्हणतो. पण उस्ताद करून देतील, तुमच्या गावाजवळ असं बिऱ्हाड असेल तर तेही देतील. जाताना तुमची आत्ता वापरात असलेली सुरी घेऊन जा आणि त्यांच्यासमोर डाव्या हातात धरून काहीतरी चिरून दाखवा, एखादा बटाटा न्या सोबत. तोंडी सांगितलेल्या मापापेक्षा त्यांना ते लवकर समजतं. धार डाव्या अंगाला जास्त पाहिजे हे स्पष्ट सांगा, आणि तेलात पाणी देऊन परत तापवणार का ते विचारा. मूठ पहिल्यांदा थोडी जाड ठेवायला सांगायची, घरी आठवडाभर वापरून कुठे रुतते ते बघायचं आणि मग तिथे घासून घ्यायला परत जायचं. आणि ते जो भाव सांगतील तो द्या.